आजारी हॅमस्टरला मेडिकलमधले औषध पाजू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा संपल्या की मुलांच्या हट्टाखातर घरात हॅमस्टर हा उंदीरवर्गीय छोटा पाळीव प्राणी येतो. सोलापूरचा पारा तेव्हा चाळिशीपार गेलेला असतो, पिल्लू जेमतेम महिना-दीड महिन्याचे असते, त्यात जागा बदलल्याचा ताण. त्याला जुलाब लागतात. मग घरातले कोणीतरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून लहान मुलांचे अँटिबायोटिक सिरप आणते आणि दोन थेंब पाजते. ते दोन थेंब जिवावर बेतू शकतात.

अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही औषधे माणसाला चालतात, हॅमस्टरला नाहीत. त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू या औषधांनी मरतात, मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू माजतात आणि त्यांचे विष आतडे पोखरते. जखमेवर लावलेले मलमही तो चाटतो, म्हणून तेही पोटातच जाते. हा परिणाम काही दिवसांनी दिसतो. त्यामुळे घरच्यांना वाटते, आजारच मोठा होता, औषधाचा संशय कोणाला येत नाही. हॅमस्टरला चालणारी अँटिबायोटिक्स आहेत, पण निवड आणि डोस पशुवैद्यकानेच ठरवायचा. किलोमागे १० मिलिग्रॅम असा डोस असेल, तर १०० ग्रॅमच्या हॅमस्टरला फक्त १ मिलिग्रॅम लागते. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा ‘कणभर तुकडा’ मोजणार कसा?

शेपटीखालचा भाग ओला, घाण वास, पाठीला पोक, डोळे अर्धवट मिटलेले, अंगावरचे केस पिंजारलेले, ही ‘वेट टेल’ (ओली शेपटी) या जुलाबाच्या आजाराची लक्षणे. साधारण तीन ते दहा आठवड्यांच्या पिल्लांत हा आजार जास्त दिसतो आणि एक-दोन दिवसांतही जीव जाऊ शकतो. ‘उद्या बघू’ म्हणायला इथे वेळच नसतो. हॅमस्टर दिवसा झोपतो, म्हणून आजार सहज नजरेतून सुटतो. रोज रात्री नऊ-दहाच्या सुमारास, तो जागा झाल्यावर, त्याच्याकडे नीट पाहावे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डबा ठेवून काटा शून्यावर आणावा, हॅमस्टर डब्यात बसवावा आणि वजन वहीत लिहावे. १२० ग्रॅमचा हॅमस्टर १०८ वर आला म्हणजे दहा टक्के वजन उतरले. तो खाताना दिसत असला तरी मग डॉक्टरांना दाखवावे.

माद्यांच्या बाबतीत एक घोटाळा होतो. वयात आलेल्या मादीला दर चार दिवसांनी दाट, पांढरट, उग्र वासाचा स्राव येतो. तो नैसर्गिक आहे. स्राव थांबतच नसेल, त्यात रक्त असेल किंवा पोट फुगले असेल, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो.

डॉक्टरांकडे पोचेपर्यंत घरी काय करावे? आधी अंगाला हात लावून पाहावे. पंजे-कान गार लागले, तर कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून डब्याच्या निम्म्याच भागाखाली ठेवावी, म्हणजे नको झाल्यास त्याला सरकता येते. एप्रिल-मेमध्ये प्रश्न उलटा असतो. हॅमस्टरला २० ते २४ अंश मानवते. त्याला घाम येत नाही. तो आडवा पसरून पडला, तोंडाभोवती लाळ दिसली, अंग थरथरले, तर ऊन लागले समजावे. पिंजरा लगेच सर्वांत थंड खोलीत न्यावा, कान आणि पाय साध्या पाण्याच्या बोळ्याने पुसावेत. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, त्या धक्क्याने मरतो. एरवीसाठी पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा गार तुकडा आणि पिंजऱ्याबाहेर गोठवलेल्या पाण्याची बाटली पुरते. कूलर खोलीत चालू द्यावा, झोत अंगावर नको. आपल्याकडचे टर्किश टॉवेल कितीही मऊ असले तरी त्यांच्या फासांत हॅमस्टरची नखे अडकतात. गुंडाळायला जुने सुती धोतर किंवा साडीचा तुकडा चांगला. कापूस, कडबा आणि सुताराकडचा भुसा काढून टाकावा आणि साधा पांढरा टिश्यू पेपर अंथरावा. त्यावर शी, लघवी, रक्त लगेच दिसते.

जुलाबात काकडी, कलिंगड, सगळ्या ओल्या भाज्या बंद. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावी आणि थेंब थेंब द्यावी. त्यासाठी सुई निघते अशी १ मिलिलिटरची सिरिंज घ्यावी. इन्सुलिनच्या सिरिंजला सुई बहुधा कायमचीच जोडलेली असते. पिल्लाला उताणे धरू नये. बसते ठेवून पुढच्या दातांमागच्या फटीत बाजूने एक थेंब सोडावा, गिळला की दुसरा. पिचकारी मारली तर पाणी फुप्फुसात जाते. एका वेळी ०.२ ते ०.५ मिलिलिटर, साधारण दोन तासांनी. निपचित पडलेल्या किंवा गार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात काहीच घालू नये, आधी ऊब. खात नसेल तर त्याच्याच पेलेट (दाबून केलेल्या तयार खाद्याच्या गोळ्या) भिजवून, वाटून, गाळून द्याव्यात. ज्वारीच्या पिठाची मीठ न घातलेली पातळ पेजही चालते. दूध नको, लसूण-तिखट लागलेले तर काहीच नको. अंघोळ कधीच नाही. मागचा भाग कोमट ओल्या बोळ्याने पुसून लगेच कोरडा करावा.

निघण्यापूर्वी फोन करून डॉक्टर उंदीरवर्गीय प्राणी तपासतात का, हे विचारावे. हवेला भोके असलेल्या डब्यात त्याचेच थोडे जुने अंथरूण घालावे आणि उन्हात स्कूटरच्या डिकीत डबा ठेवू नये. सोबत ताज्या शीचा नमुना आणि वजनाची वही न्यावी. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. घरात गर्भवती महिला असेल तर सेवा दुसऱ्याने करावी.

हॅमस्टरचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. म्हातारपणी गाठी, हृदयाचे विकार होतात आणि काही वेळा शांत मरण देऊन त्रास थांबवणे एवढेच हाती उरते. ते काम डॉक्टर भूल देऊन करतात. पाण्यात बुडवणे किंवा फ्रीझरमध्ये ठेवणे ही क्रूरता आहे, ती कोणीही सुचवली तरी करू नये.

२०१८ च्या केंद्रीय पेट शॉप नियमांत कुत्र्या-मांजरांबरोबर हॅमस्टरही येतो आणि दुकानाला नोंदणी सक्तीची आहे. शहरातल्या दुकानदारांनी प्रत्येक पिल्लासोबत त्याचे वय, वजन, सध्याचा आहार आणि हॅमस्टर तपासणाऱ्या पशुवैद्यकाचा पत्ता असा एक कागद द्यावा. मेडिकलवाल्यांनी हॅमस्टरसाठी अँटिबायोटिक मागणाऱ्याला थेट पशुवैद्यकीय दवाखान्याकडे पाठवावे.

आपला,
एक प्राणिपालक, सोलापूर