चिनूचा फॉर्म आणि पिंगळे

प्रिय अन्या,

वर्षभर पत्र नाही, त्याबद्दल भेटलास की मनसोक्त शिव्या दे. तब्येत ठीक, गुडघा दुखतो, एवढंच.

काल रात्री चिनूच्या अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म भरत होतो. गेल्या पाच वर्षांत सोशल मीडियावर कुठे कुठे खातं होतं, ते लिहायचं असतं. त्यानं कॉलेजात असताना मोर्चाचे फोटो टाकलेले. मी म्हटलं, "काढून टाक." तो न बोलता एकेक फोटो पुसत बसला, आणि मला विष्णू गणेश पिंगळे आठवला, इंग्रजांविरुद्ध उठाव करायला अमेरिकेहून परतलेला गदर पक्षाचा क्रांतिकारक.

त्याच्या गावाहून, तळेगाव ढमढेऱ्याहून, परतताना आपण एसटीत भांडलो होतो ना? कंडक्टरनं तुला उतरवायची धमकी दिली होती! तुझं म्हणणं, बॉम्ब घेऊन मेरठच्या छावणीत शिरणं हा वेडेपणा. माझं म्हणणं, दुसरी वाटच नव्हती. ते भांडण राहू दे. मला आता त्याच्या आधीचे महिने छळताहेत.

सप्टेंबर १९१४ चा इंग्रज सरकारचा तो वटहुकूम आठव. हिंदुस्थानात उतरणाऱ्या कुणालाही अडवा, डांबा. २९ ऑक्टोबरला परतणाऱ्या गदरवाल्यांची 'तोसा मारू' बोट कलकत्त्याला लागली. १७३ माणसं, त्यांतली शंभरेक स्थानबद्ध. तिकडे कॅनडात व्हँकूवरला इंग्रजांचा हेर हॉपकिन्सन हिंदी बोलायचा आणि शिखांमधल्याच काहींना फोडून कोण काय बोललं ते काढून घ्यायचा. पिंगळे नोव्हेंबरात 'सालामिस' बोटीनं त्याच कलकत्त्यात उतरला आणि निसटला. मार्चमध्ये मेरठला सापडला. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात गदरमधल्याच करतारसिंग सराभाबरोबर फाशी. वय २७. आपला चिनू २४ चा.

अन्या, हॉपकिन्सनचा मला पूर्वीही रागच होता. पण त्याला खबर देणारी ती आपलीच माणसं रात्रभर डोळ्यांपुढून हलली नाहीत. कुणाला पैसा मिळाला असेल, कुणाला धाक असेल. मला तर कुणी काही दिलं नाही, दरडावलंही नाही. मी आपणहून पोराच्या मागे उभा राहून त्याचे फोटो तपासत होतो. तळेगावच्या एसटीत एवढा ओरडणारा मी!

वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? मिनूला जागा मिळाली? सगळं कळव.

फोन नको, पत्रच लिही, चिनूला वाचायला देता येईल असं. फॉर्म अजून पाठवलेला नाही.

तुझा,
सुध्या