अँथनी गोन्साल्विस यांचे काम कागदावर आहे, ते जपा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला गोव्याच्या वादकांवरचा लेख वाचला. अँथनी गोन्साल्विस यांची आठवण काढलीत, बरे वाटले. पण निम्मा लेख 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात त्यांचे नाव कसे आले, यातच संपला. १९७७ साली लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतल्या प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंना दिलेला तो मान होता, हे खरेच. पण त्या गुरूंनी आयुष्यभर केले काय, हे वाचकाला कळायला हवे.

गोव्यात माजोर्ड्याला जन्म, घरात चर्चच्या संगीताचे वातावरण, मग मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिनवादक आणि अरेंजर, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचे ते लिहून देणारे. १९५८ साली त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. शंभराच्या आसपास वादक, सोबत लता मंगेशकर आणि मन्ना डे, आणि समोर रागांवर रचलेले, स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहिलेले संगीत. १९६५ मध्ये ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. तिथून परतले ते गोव्यात, आणि २०१२ मध्ये वारले.

राग ऑर्केस्ट्रासाठी लिहायचा म्हणजे नेमके काय, हे सारंगावरून कळते; या रागातही त्यांनी रचना केली होती. वृंदावनी सारंगात सा रे म प नि एवढेच स्वर. गंधार (ग) आणि धैवत (ध) वर्ज्य, चढताना शुद्ध निषाद (नि), उतरताना कोमल. आता सवयीने कोणी षड्जाखाली (सा) सा-ग-प असा मेजर कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा तीन स्वरांचा मेळ ठेवला, की गंधार आत शिरला आणि सारंग तिथेच मोडला. म-ध-सा घ्यावा तर धैवत येतो. मग हाताशी पूर्ण मेजर कॉर्ड उरतात दोनच: प-नि-रे, आणि कोमल निषादावरचा नि-रे-म. षड्जावर विसावायचे तर नुसते सा-प. दुसरी अडचण दोन निषादांची. व्हायोलिने चढत असताना त्याच मात्रेला चेलो उतरत असतील, तर शुद्ध आणि कोमल निषाद एकमेकांवर आदळतात. गवयाला हा प्रश्न कधी पडत नाही, कारण तो एका वेळी एकच स्वर गातो. लिहिणाऱ्याला मात्र प्रत्येक ओळीतला निषाद कोणत्या मात्रेवर येतो, हे मोजत जावे लागते.

मींडेचे, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचेही तसेच. एकट्या व्हायोलिनवर ती सहज येते. बारा व्हायोलिनांना ती हवी असेल, तर कोणती तार, कोणते बोट, कोणत्या मात्रेवर निघायचे आणि कुठे पोचायचे, बो (गज) खाली की वर, हे सगळे पार्टवर, म्हणजे त्या वादकाच्या कागदावर लिहावे लागते. नाही लिहिले तर बारा जण बारा वेळी पोचतात.

तालात कंडक्टरची कसोटी लागते. रूपक तालाच्या सात मात्रांत समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच 'खाली', म्हणजे टाळीविना मोकळी जागा आहे. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला वादक मात्र हात खाली आला की जोर देतो. तो जोर काढून चौथ्या मात्रेवर न्यायचा, तर ते हाताच्या आकारातून दाखवावे लागते आणि तालमीत दहादा घोटून घ्यावे लागते.

शिवाय पार्ट लिहिण्याचे काम. काही वाद्यांतून लिहिल्यापेक्षा खालचा स्वर निघतो, म्हणून बी फ्लॅट क्लॅरिनेट आणि ट्रंपेट एक पूर्ण स्वर वर लिहायचे, एफ हॉर्न पंचमाने वर; व्हिओलाला आल्टो क्लेफ ही वेगळी स्वरखूण. तंतुवाद्यांत दोन वादकांमागे एक स्टँड, म्हणजे सोळा व्हायोलिनांना आठ प्रती, सगळ्या हाताने. पान उलटायच्या जागी विराम नसेल तर वाजवणारा अडकतो. कॉपीत एक फ्लॅट (कोमल स्वराची खूण) राहिला तर तालमीत शंभर माणसे थांबतात.

हे काम करू शकणारी माणसे गोव्यात घडली, ती चर्चच्या शाळांमुळे. तिथले मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलाच्या हातात व्हायोलिन देण्याआधी त्याच्याकडून सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर वाचून गाणे, घोटून घेत. गोन्साल्विस यांची शिकवणीही याच वळणाची. प्यारेलाल यांना स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र लिहिलेला कागद, लिहिता-वाचता आला, म्हणूनच ते पुढे एवढे मोठे ताफे हाताळू शकले. आज आपल्याकडे संगीत शिकणाऱ्या बहुतेक मुलांना वाद्य येते, पण चार ओळींचा स्कोअर वाचता येत नाही. अभ्यासक्रमात ही उणीव भरून काढायला हवी, असे आम्हाला मनापासून वाटते.

आणि एक विनंती, आपल्या वाचकांना. अनेक वादकांच्या घरी जुन्या पेट्यांत असे हस्तलिखित पार्ट असतील. पावसाळ्यातली ओल आणि कसर त्यांना खाते. त्यांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. आधी प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. एका रचनेचे सगळे पार्ट एकत्र, आहेत त्याच क्रमाने, कोरड्या जागी सुती कापडात बांधून ठेवा. एकटा दुसऱ्या व्हायोलिनचा पार्ट मिळाला तरी टाकू नका. स्कोअर हरवला असेल तर अशा पार्टांवरूनच तो पुन्हा उभा करता येतो. आणि पानांवरच्या पेन्सिलीच्या खुणा खोडू नका. बो कुठे बदलला, कोणत्या चार मात्रा गाळल्या, कुठे हळू घ्यायला सांगितले, हे सगळे कंडक्टरने तालमीत सांगितलेले आहे आणि ते फक्त त्या खुणांतच उरले आहे.

आपले,
व्हायोलिन शिकवणारे काही वाचक, मडगाव