नेटवर्क नाही म्हणजे फोन लॉक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीत न्यू जर्सीहून आलेला भाचा परत जाताना मामांना आपला जुना फोन देऊन जातो. त्याचे विमान सुटल्यावर मामा त्यात आपले सिम घालतात आणि पडद्यावर ‘नो सर्व्हिस’ उमटते. मग कोपऱ्यावरचे दुकान. ‘काका, परदेशी फोन आहे, लॉक असणार. अनलॉक करून देतो, दोन-तीन हजार होतील.’ फोन हातात घेऊन अर्धे मिनिटही झालेले नसते. असे निदान अनेकदा चुकीचे निघते, आणि जेव्हा बरोबर असते तेव्हा त्यावरचा उपाय त्या दुकानात नसतो. दुरुस्तीच्या टेबलावर रोज हेच फोन येतात, म्हणून हे जरा सविस्तर पत्र.

आधी एक फरक समजून घ्यायला हवा. फोन सुरू झाला की तो टॉवरकडे नोंदणी मागतो. त्या वेळी सिम आपली ओळख देते आणि कंपनी फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांकही विचारू शकते. दोन्ही मान्य झाले की कांड्या दिसतात. कंपनी-लॉक असलेला, म्हणजे विकणाऱ्या कंपनीच्याच सिमवर चालेल असा बांधलेला फोन मात्र परक्या सिमसाठी टॉवरपर्यंत जातच नाही. तो सिमला दारातच अडवतो. म्हणून लॉकचा संदेश वेगळा असतो. आयफोनवर ‘सिम नॉट सपोर्टेड’ किंवा ‘सिम नॉट व्हॅलिड’ येते, अँड्रॉइडवर ‘सिम नेटवर्क अनलॉक पिन’ मागणारी चौकट येते. नुसते ‘नो सर्व्हिस’ किंवा ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ दिसत असेल तर संशय आधी दुसरीकडे न्यावा. आयफोनमध्ये खात्री करणे सोपे आहे: सेटिंग्ज, जनरल, अबाउट, आणि खाली ‘कॅरिअर लॉक’ ही ओळ. तिथे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिले असेल तर फोन मोकळा आहे. अनलॉकसाठी एक पैसाही देऊ नये.

आता तपासणीचा क्रम. हा क्रम महत्त्वाचा, कारण उलटा केला की चांगला फोनही बिघडवून ठेवला जातो.

पहिले काम म्हणजे तेच सिम दुसऱ्या, चालू असलेल्या फोनमध्ये घालणे. तिथेही नेटवर्क आले नाही तर दोष फोनचा नाही. परदेशात राहणारे आपले जुने भारतीय सिम पाकिटात जपून आणतात आणि इथे ते मेलेले निघते. प्रीपेड सिम सलग ९० दिवस अजिबात वापरले नाही तर कंपनीला ते बंद करता येते. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून ३० दिवसांची मुदत वाढते. पडद्यावर ‘सिम नॉट प्रोव्हिजन्ड एमएम#२’ आले तर त्याचा अर्थ कंपनीच्या यादीत हे सिम ओळखले गेले नाही: नवे सिम घेतले आणि ते सुरू झालेले नाही, किंवा नंबर नव्या सिमवर गेला आणि आपण जुनेच चाचपत बसलो आहोत. यावर उपाय कंपनीच्या गॅलरीत. ‘एमएम#६’ आले तर मात्र हरकत सिमला नसून फोनला आहे, हे लक्षात ठेवावे.

दुसरे, डायलरवर *#०६# दाबावे. पंधरा अंकी आयएमईआय दिसेल. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक असतात. ते खोक्यावरच्या आणि सेटिंग्जमधल्या क्रमांकाशी जुळवावेत. मग ‘केवायएम’ लिहून एक जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करावा, किंवा दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर पाहावे. उत्तरात फोन काळ्या यादीत आहे किंवा क्रमांक बनावट, दुबार वापरातला आहे असे आले, तर तो फोन हातातून खाली ठेवावा. चोरीचे फोन बंद करणारी सीईआयआर ही व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातच प्रथम सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये देशभर पोचली. मूळ मालकाने पोलीस तक्रारीची प्रत जोडून फोन बंद केला असेल तर तो कोणत्याही भारतीय कंपनीच्या सिमवर चालत नाही, आणि तो खुला करण्याचा अधिकारही त्यालाच. ‘आयएमईआय बदलून देतो’ म्हणणाऱ्याकडे तर फिरकूच नये. दूरसंचार कायदा २०२३ नुसार हा गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कधी *#०६# दाबल्यावर क्रमांकच येत नाही, नुसती शून्ये येतात, किंवा सॅमसंगवर ००४९९९०१०६४०००० हा सगळ्यांचा सारखा क्रमांक दिसतो. याचा अर्थ फोन स्वतःची ओळख विसरला आहे. बहुतेकदा कोणीतरी ‘अनलॉक’ करण्याच्या नादात दुसऱ्याच मॉडेलचे सॉफ्टवेअर चढवलेले असते आणि आयएमईआय जिथे साठवलेला असतो तो ईएफएस हा भाग खराब झालेला असतो. अबाउटमध्ये ‘बेसबँड’पुढे ‘अननोन’ लिहिलेले दिसते. आयफोनमध्ये हीच खूण म्हणजे ‘मोडेम फर्मवेअर’ची ओळ रिकामी असणे, तिथे दोष बहुधा बोर्डवरचा असतो, सेटिंग कितीही हलवून काही होत नाही. आयफोन ७ च्या काही मॉडेलांत हा दोष इतका झाला की अ‍ॅपलने २०१८ मध्ये त्यासाठी मोफत दुरुस्ती जाहीर केली होती.

तिसरे लॉक. ते खरेच असेल तर एकच घर: ज्या कंपनीने फोन विकला तीच तो खुला करते. अमेरिकेत एटी अँड टीच्या मासिक बिलाच्या फोनला ६० दिवसांचा वापर आणि पूर्ण हप्ते फेड ही अट असते, टी-मोबाइलला ४० दिवस. प्रीपेड फोनला मुदत बरीच लांब, एटी अँड टीकडे ६ महिने आणि टी-मोबाइलकडे वर्षभर. अटी बदलत असतात, म्हणून निघण्याआधी त्या कंपनीच्या पानावर पाहून घ्याव्यात. खरी मेख इथे आहे की अर्ज खातेदाराने करायचा असतो. तेव्हा मामांनी इथे धावपळ करून उपयोग नाही. भाच्याने तिथे बसून आयएमईआय टाकून अर्ज करावा, थकबाकी असेल तर भरावी. हप्ते थकवून पाठवलेला फोन अनलॉक होत नाही, मग तो कितीही प्रेमाने दिलेला असो. इतर देशांचे बरे आहे. कॅनडात डिसेंबर २०१७ पासून फोन खुलेच विकावे लागतात, ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून लॉक करून विकायला बंदी आहे, जपानमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून. त्या तारखांआधीचा जपानी फोन हाती आला तर मात्र लॉकची शंका घ्यावी.

कंपनीने मान्यता दिल्यावर आयफोनला कोणताही कोड लागत नाही. वायफाय जोडावे, दुसरे सिम घालावे, फोन अ‍ॅपलच्या सर्व्हरला विचारून स्वतः मोकळा होतो. तेवढ्याने झाले नाही तर बॅकअप घेऊन फोन पूर्ण पुसून पुन्हा उभा करावा. एकदा खुला झालेला आयफोन अपडेटने पुन्हा लॉक होत नाही. अँड्रॉइडवर अनेकदा कोड टाकावा लागतो, आणि तिथे अंदाजपंचे चालत नाही: प्रयत्न मोजके असतात, संपले की फोन कायमचा अडून बसतो. सिमच्या पिनचाही नियम असाच. तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे कंपनीकडून मिळणारा सुटकेचा कोड मागतो, आणि पीयूके दहादा चुकला की सिम फेकून द्यायचे.

दुकानातून ‘अनलॉक’ होऊन आलेल्या आयफोनचा सिम ट्रे एकदा बाहेर काढून पाहावा. सिमच्या खाली कागदासारखी पातळ, सोनेरी टिपके असलेली चकती चिकटवलेली असेल, तर तो अनलॉक नव्हे. ती चकती फोनला सिमची खोटी ओळख सांगते. चार-सहा महिने काम चालते, मग आयओएसचे अपडेट येते आणि एका सकाळी ‘सिम नॉट सपोर्टेड’ परत हजर. असा फोन ‘अनलॉक्ड’ म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे, आणि ती पकडायला पिन घालून ट्रे काढण्यापलीकडे काही लागत नाही.

सॅमसंगची एक गोष्ट वेगळी. परदेशी खोक्यावर अमुक प्रदेशातील सिमसाठीच असे स्टिकर असेल तर त्या प्रदेशातल्या सिमवरून आधी एकूण पाच मिनिटे कॉल करून तो प्रादेशिक लॉक उतरवावा लागतो. हे काम तिथेच उरकून यावे.

चौथे कारण सगळ्यात कमी बोलले जाते आणि जुन्या परदेशी अँड्रॉइड फोनला तेच जास्त नडते: बँड, म्हणजे कंपनी ज्या रेडिओ लहरींवर सेवा देते तो पट्टा. जिओचे ४जी प्रामुख्याने ३, ५ आणि ४० या बँडवर चालते, एअरटेल आणि व्हीआयचे १, ३, ८ आणि त्यांच्या जोडीला ४० किंवा ४१. अमेरिकेत स्वस्तात मिळणारा फोन २, ४, १२, ६६, ७१ या तिथल्या बँडसाठी बनलेला असतो. त्यात ३ आणि ४० नसतील तर फोन खुला असूनही एखाद्याच बँडवर लटकतो. गच्चीवर दोन कांड्या, स्वयंपाकघरात शून्य. हे कोणत्याही सॉफ्टवेअरने सुटत नाही, कारण बँडसाठी लागणारे भाग बोर्डवरच नसतात. त्यामुळे मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर बँडची यादी पाहणे हे फोन घेण्याआधीचे काम आहे. आयफोनला ही अडचण सहसा येत नाही.

बँड जुळूनही एक तक्रार राहते: ‘इंटरनेट चालते, पण फोन लागत नाही.’ सप्टेंबर २०१६ मध्ये आलेल्या जिओकडे २जी, ३जी कधीच नव्हते. तिचा प्रत्येक कॉल व्हीओएलटीईवर, म्हणजे ४जीच्याच जोडणीवरून जातो. परदेशी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय कंपनीची व्हीओएलटीई मांडणी नसेल तर डेटा चालतो आणि कॉल पडतो. अशा फोनमध्ये एअरटेल किंवा व्हीआयचे सिम घालून पाहावे; त्यांचे २जी अजून असल्याने कॉल त्यावर उतरतो, आवाज जरा घोगरा येतो एवढेच.

हे सगळे ठीक असेल तरच सेटिंग्जकडे वळावे. नेटवर्क निवडीतले ‘ऑटोमॅटिक’ बंद करून यादी येऊ द्यावी आणि आपल्या कंपनीचे नाव हाताने निवडावे. कधी एखाद्या नकारानंतर सिम त्या नेटवर्कला स्वतःच्या निषिद्ध यादीत टाकते आणि आपणहून पुन्हा विचारत नाही. हाताने निवडल्यावर नोंदणी झाली की ती नोंद पुसली जाते. कांड्या आहेत पण इंटरनेट नाही, तर एपीएन, म्हणजे सेटिंग्जमधले इंटरनेट जोडणीचे नाव, पाहावे. परदेशी फोनमध्ये तिथलेच राहिलेले असते. इथे जिओला ‘जिओनेट’, एअरटेलला ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’, बीएसएनएलला ‘बीएसएनएलनेट’, सगळे इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. कांड्यांवर फार विसंबू नये. अँड्रॉइडवर ‘सिम स्टेटस’मध्ये सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते: उणे ८५ च्या आसपास उत्तम, उणे ११० च्या पुढे रडगाणे. तिथे फोन बदलूनही फरक पडणार नाही, दोष टॉवरच्या अंतराचा आहे. अशी तक्रार १९८ वर नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते.

ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेले डिजिटल सिम, याबाबत एक सावधगिरी. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमचा ट्रेच नाही. फोन हातात पडताच उत्साहाने आपले सिम ई-सिममध्ये बदलून घेऊ नये. आधी ‘कॅरिअर लॉक’ची ओळ वाचावी. फोन लॉक निघाला तर ई-सिम त्यात चालत नाही आणि तोवर जुने सिम बंद पडलेले असते. शिवाय सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे बँकेचा ओटीपी नाही. ज्या दिवशी विजेचे बिल किंवा हप्ता भरायचा आहे त्या दिवशी हा उद्योग करू नये.

उलट दिशेनेही अडते. मुलांकडे जाणारे आई-वडील इथला फोन तिकडे नेतात. एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी बंद केल्यापासून ती आपल्या यादीतल्याच मॉडेलांना कॉलची सेवा देते. इथला उत्तम चालणारा फोनही तिथे नाकारला जातो. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ मध्ये ३जी बंद झाले आणि तातडीच्या ००० या क्रमांकाला व्हीओएलटीईवरून कॉल न करू शकणारे फोन कंपन्यांनी अडवायचे, असा नियम आहे. जाण्याआधी मुलांना मॉडेल क्रमांक कळवून तिथल्या कंपनीच्या पानावर तपासायला सांगावे.

आमची मागणी एवढीच आहे की जुने आणि परदेशी फोन विकणाऱ्यांनी पावतीवर आयएमईआय आणि ‘लॉक आहे की खुला’ या दोन गोष्टी लिहून द्याव्यात, आणि पैसे घेण्याआधी गिऱ्हाइकाला स्वतःचे सिम घालून एक कॉल करू द्यावा. गिऱ्हाइकानेही जाताना खिशात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची चालू सिमे आणि ट्रे काढायची पिन ठेवावी. दुकानदार सिम घालू देत नसेल तर त्याचे कारण विचारत बसू नये, शेजारच्या दुकानात जावे.

आपले,
मोबाइल दुरुस्तीच्या व्यवसायातील काही जण,
पुणे