इंजिन सर्वांत शेवटी

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

मी येथे खुशाल आहे. प्रकृती आणि नोकरी यांचे नेहमीप्रमाणेच ठीक चालले आहे, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. बाबा, गॅरेजमध्ये मी स्वतः बांधत असलेल्या विमानाच्या इंजिनाचा पत्ता नसताना मी शेपूट आणि पंख का बांधत बसले आहे, हा तुमचा प्रश्न फोनवर अर्धवट राहिला, म्हणून सविस्तर लिहिते.

पत्र्याच्या विमानाचे किट, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांचा संच, टप्प्याटप्प्याने विकत घेता येते. शेपटीचे भाग आकाराने लहान आणि किमतीने हलके असतात; पण भोके पाडणे, त्यांच्या कडा साफ करणे, गंजरोधक प्रायमर लावणे, पत्रे एकमेकांना कायमची जोडणारी रिव्हेट (धातूची खिळी) ठोकणे अशी पुढे लागणारी बहुतेक कामे त्यांत येऊन जातात. हात बसेपर्यंत एखादा पत्रा वाया गेला, तर तेवढाच पुन्हा मागवता येतो. शिवाय हे काम आपल्याच्याने होणार नाही असे वाटले, तर मोठा खर्च होण्यापूर्वी थांबता येते. सगळी पुंजी मी यात घातली आहे ही तुमची समजूत म्हणूनच बरोबर नाही.

पंख दुसरे, कारण तयार झालेले पंख घोडीवर उभे करून भिंतीलगत ठेवता येतात. धड आधी बांधले असते, तर गॅरेजमध्ये पंखांचे टेबल मांडायला जागाच उरली नसती. खरा विचार मात्र प्रत्येक भागाच्या आत करावा लागतो. पंखाचा वरचा पत्रा मी लावला आहे आणि खालचा मुद्दाम उघडा ठेवला आहे, कारण दिव्यांच्या तारा, वेगमापकाची हवेची नळी आणि नियंत्रणाचे दांडे यांच्यापर्यंत अजून हात पोहोचायला हवा. काय जोडायचे यापेक्षा काय अजून बंद करायचे नाही, याचीच यादी माझ्या वहीत मोठी आहे. धडाला चाके उशिरा लावीन, कारण चाकांवर उभे राहिले की आत वाकून काम करणे अवघड होते. कॅनॉपीची, म्हणजे बसण्याच्या जागेवरच्या झाकणाची, पारदर्शक काच उन्हाळ्यात कापीन, कारण थंडीत ती तडकते.

इंजिन न चालवता पडून राहिले की आतल्या पोलादी भागांना गंज धरतो, आणि कॉकपिटमधली उपकरणे आज घेतली तर उड्डाणापर्यंत जुनी होतात. म्हणून दोन्ही शेवटी. कोणते इंजिन घ्यायचे हे मात्र आधीच ठरवले आहे, कारण वजनाचा तोल आणि इंधनाच्या नळ्यांची जागा त्यावर अवलंबून असते. पंख धडाला जोडायचे ते थेट विमानतळावरच्या हँगरमध्ये, कारण सुमारे आठ मीटर रुंदीचे विमान गॅरेजच्या दारातून बाहेर निघणार नाही.

आई, इथली एक रीत तुला विचित्र वाटेल. कोणताही भाग कायमचा बंद करण्याआधी आम्ही एका जवळजवळ अनोळखी माणसाला घरी बोलावतो. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या ईएए या अमेरिकेतील हौशी विमानबांधणाऱ्यांच्या संघटनेचे काही अनुभवी सभासद हे काम विनामोबदला करतात. माझ्याकडे येणारे काका आरसा आणि दिवा घेऊन पंखात डोके घालतात आणि रिव्हेटचे आतले डोके तिच्या जाडीच्या दीडपट रुंद व निम्मे उंच झाले आहे की नाही, हे एकेक करून पाहतात. जी पटत नाही तिच्यावर खूण करतात, आणि ती काढून मी नवी ठोकते. त्यांचे विमान तयार होत असताना दुसऱ्या कोणी त्यांच्याकडे असेच येऊन पाहिले होते, एवढेच कारण ते सांगतात. तेव्हा मी एकटीच काहीतरी धोक्याचे करत बसले आहे, असे कृपा करून समजू नकोस. सरकारी तपासणीनंतरही सहसा पहिले २५ किंवा ४० तास ठरलेल्या हद्दीतच उडवावे लागते, आणि त्या काळात हौसेने कोणाला बसवता येत नाही. थकवा आला की मी रिव्हेट गन खाली ठेवते.

धाकटीच्या लग्नातील माझा वाटा या महिन्यात बाबांच्या खात्यात जमा करते. धडाचे किट लग्नानंतर मागवीन. टप्प्यांनी बांधण्याचा हाही एक उपयोग, त्यामुळे माझ्यासाठी कोणताही खर्च आखडता घेऊ नका. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी तिथे नव्हते, हे मनातून जात नाही, म्हणून या वर्षीची सगळी रजा लग्नासाठी राखून ठेवली आहे. आई, तू पाठवलेल्या स्थळाची माहिती वाचली. मी नाही म्हटलेले नाही. त्यांच्याशी बोलेन, पण गॅरेजमधल्या विमानाविषयी पहिल्याच बोलण्यात सांगेन, आणि तुम्हीही त्यांच्या घरी ते लपवू नका. पैसे जमा झाल्याचे कळवा, म्हणजे तिकीट काढून तारीख सांगते.

तुमची थोरली