आरोग्याचा वार्षिक हिशेब मराठीतूनही मिळावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर-वडगावच्या भातशेतीत शिरल्याच्या, एखाद्या गल्लीत नळाला गढूळ पाणी आल्याच्या आणि चौकाचौकांत कचऱ्याची उचल न झाल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात आणि दिवाळीपर्यंत त्या सगळ्यांच्याच विस्मरणात जातात. सीमाभागातील एका नगरपालिकेत आरोग्य निरीक्षक म्हणून माझी सारी नोकरी झाली असल्यामुळे अशा बातम्यांच्या मागे काय असते आणि त्यातले काय छापून येत नाही, याची मला थोडीफार कल्पना आहे. गेल्या वर्षी लंडनच्या दक्षिणेस असलेल्या क्रॉयडन येथे, परिचारिका असलेल्या माझ्या पुतणीकडे तीन महिने राहण्याचा योग आला. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे भटकंतीची हौस आठवड्यातच भागली. तेव्हा तिने संगणकावर मला एक वेगळेच दालन उघडून दिले. लंडन आणि परिसरातील नगरपालिकांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी १८४८ ते १९७२ या काळात लिहिलेले साडेपाच हजारांहून अधिक वार्षिक अहवाल वेलकम ग्रंथालयाने कोणालाही वाचता येतील असे खुले करून ठेवले आहेत. त्यांतील दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले अहवाल चाळताना जे मनात आले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

क्रॉयडनची गोष्ट युद्धाच्या दोन वर्षे आधी सुरू होते. १९३७ च्या शरद ऋतूत तेथे विषमज्वराची साथ आली, तीत ३४१ जणांना लागण झाली आणि ४३ जण दगावले. कारण शोधता शोधता तपास अ‍ॅडिंग्टन येथील नगरपालिकेच्या विहिरीपर्यंत पोहोचला. विहिरीच्या आत दुरुस्तीचे काम चालू होते आणि आत उतरणाऱ्या कामगारांपैकी एकाला पूर्वी कधीतरी विषमज्वर होऊन गेला होता. तो स्वतः ठणठणीत असला तरी रोगाचे जंतू त्याच्या शरीरातून बाहेर पडत होते. काम चालू असतानाही त्या विहिरीचे पाणी शहराला सोडले जात होते आणि नेमक्या त्याच काळात ते गाळण्याची व त्यात क्लोरिन मिसळण्याची व्यवस्था बाजूला ठेवलेली होती. सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की, विहिरीत माणसे उतरून काम करीत आहेत याची खबर त्याच नगरपालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याला नव्हती. अभियंत्याचे खाते आणि आरोग्य खाते एकाच संस्थेचे. पण एकाचे कागद दुसऱ्याच्या टेबलावर जात नव्हते. रहिवासी संघटित झाले, जाहीर चौकशी झाली, पुढे न्यायालयात नगरपालिकेच्या हलगर्जीपणावर शिक्कामोर्तब झाले आणि १९३९ मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाने पाणीपुरवठ्याच्या दैनंदिन कारभारात कोणती खबरदारी घ्यावी, याचे परिपत्रक काढले.

हे वाचताना मला माझीच गल्ली दिसत होती. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे ड्रेनेजच्या कामासाठी रस्ता उकरला गेला आणि जेसीबीच्या दात्याने पाण्याची जुनी बिडाची नळी खरवडली गेली. वरवर पट्टी मारून खड्डा बुजवण्यात आला. आमच्याकडे पाणी रोज सोडले जात नाही. ज्या दिवशी नळी रिकामी असते, त्या दिवशी तिच्यात पोकळी निर्माण होऊन शेजारच्या चेंबरमधून झिरपणारे पाणी आत ओढले जाते, हे नोकरीतील पहिल्याच वर्षी मला एका वयस्क मुकादमाने शिकवले होते. पुढच्या वेळी पाणी आले तेव्हा पहिल्या दोन घागरी चहाच्या रंगाच्या होत्या. तिसरी घागर दिसायला स्वच्छ होती आणि खरी भीती तिचीच होती. माझ्याकडे पाण्यातील क्लोरिन तपासण्याचा जुना क्लोरोस्कोप अजून आहे. त्याच्या नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरिन शिल्लक असता तर पिवळसर छटा यायला हवी होती. नळाच्या टोकाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन असावा, असे आपले भारतीय मानक सांगते. मी नळी उजेडात धरून पाहिली, सुनेने पाहिली, शेजारच्या काकूंनी चष्मा लावून पाहिली; पाणी जसेच्या तसे राहिले. पंधरा-वीस दिवसांत गल्लीतल्या तीन घरांत कावीळ निघाली. मी लेखी तक्रार दिली तेव्हा एका कार्यालयाने नळी हा दुसऱ्या कार्यालयाचा विषय असल्याचे सांगितले, दुसऱ्याने काविळीची चौकशी आरोग्य केंद्रात करा म्हणून सांगितले आणि आरोग्य केंद्रात रस्ता खोदल्याची माहितीच नव्हती. कोणाचे नाव घेऊन दोष देण्याची माझी इच्छा नाही. मी स्वतः खुर्चीवर असताना माझ्याकडूनही असे घडले असेल. ही खोड माणसांपेक्षा व्यवस्थेची अधिक आहे.

आता युद्धाकडे वळतो. १५ ऑगस्ट १९४० रोजी क्रॉयडनच्या विमानतळावर बॉम्ब पडले आणि ७ सप्टेंबरपासून लंडनवर सलग ५७ रात्री हल्ले झाले. १९४४ च्या उन्हाळ्यात वैमानिकाविना उडणारे बॉम्ब येऊ लागले, तेव्हा एकट्या क्रॉयडनवर असे सुमारे १४० बॉम्ब कोसळले. लंडन परिसरातील दुसऱ्या कोणत्याही भागाला एवढे झेलावे लागले नाहीत. रस्त्यावर बॉम्ब पडला की पाण्याची आणि मैल्याची वाहिनी एकाच खड्ड्यात फुटते. म्हणजे १९३७ मध्ये एका विहिरीत जे घडले, ते घडण्याची शक्यता आता रोज रात्री होती. तरीही तशी साथ पुन्हा आली नाही. किंबहुना नळाच्या पाण्यातून पसरलेली एवढी मोठी विषमज्वराची साथ इंग्लंडने त्यानंतर पाहिलीच नाही. त्यामागे काही जादू नव्हती. पाण्यात क्लोरिन मिसळणे हा नित्याचा नियम झाला होता. फुटलेली नळी जोडून झाल्यावर तिच्यात तीव्र क्लोरिनचे पाणी भरून काही काळ ठेवायचे, मग ते वाहून जाऊ द्यायचे आणि तपासणी झाल्यावरच पुरवठ्याचा वॉल्व्ह उघडायचा, ही शिस्त पाळली गेली. १४ नोव्हेंबर १९४० च्या हल्ल्यात कॉव्हेंट्री शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा ध्वनिक्षेपकाच्या गाड्या फिरवून पाणी उकळून पिण्याच्या सूचना देण्यात आल्या आणि विषमज्वराची लस टोचण्यात आली. तेथेही साथ फैलावली नाही.

सारेच काही चोख होते असे मात्र नव्हे. पूर्व लंडनच्या स्टेपनी भागातील टिलबरी नावाच्या, हवाई हल्ल्यांपासून बचावासाठीच्या गोदामवजा आश्रयस्थानात सुरुवातीच्या आठवड्यांत हजारो माणसे रात्री कोंबलेली असत आणि शौचाची सोय जवळजवळ नव्हती. त्या काळच्या वर्णनांत जो ओंगळपणा आहे तो या पत्रात उतरवण्याजोगा नाही. सप्टेंबर १९४० मध्येच अशा आश्रयस्थानांतील आरोग्याच्या पाहणीसाठी डॉक्टर असलेल्या लॉर्ड हॉर्डर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, त्यानंतर हळूहळू शौचकूप, झोपण्यासाठी एकावर एक फळ्यांचे पलंग, परिचारिका आणि औषधोपचाराची सोय झाली. खरूज इतकी वाढली की १९४१ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र आदेश काढावा लागला. इंग्लंड आणि वेल्समधील बालमृत्यूचे प्रमाण १९४१ मध्ये हजारी ६० पर्यंत चढले होते, ते १९४४ मध्ये ४५ च्या आसपास उतरले. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना स्वस्तात दूध देण्याची १९४० ची योजना त्यामागच्या कारणांपैकी एक मानली जाते. १९४० मध्ये तेथे घटसर्पाचे ४६ हजारांवर रुग्ण होते आणि अडीच हजारांच्या आसपास मृत्यू झाले. बॉम्ब पडत असतानाच लसीकरणाची देशव्यापी मोहीम हाती घेतली गेली आणि दहा वर्षांत रुग्णांची संख्या हजाराच्या आत आली. ज्या टिळकवाडीत आपण व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरायला जातो, तेथे एके काळी देवीची लस तयार होत असे, हे यानिमित्ताने सहज आठवले.

कचऱ्याचीही एक हकिकत सांगण्यासारखी आहे. टॉटनहॅम या नगरपालिकेने रस्त्यारस्त्यांवर स्वयंपाकघरातील उष्ट्या-खरकट्यासाठी वेगळे डबे ठेवले, ते वाफेवर शिजवून डुकरांचे खाद्य बनवले आणि ते ‘टॉटनहॅम पुडिंग’ या नावाने प्रसिद्ध झाले. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा म्हणून आपल्याकडे आज दारोदार सांगावे लागते, तुरमुरीच्या कचरा डेपोवर सगळे एकत्रच जाऊन पडू नये म्हणून धडपड करावी लागते. टॉटनहॅमच्या गृहिणींनी हे काम खाद्यटंचाईच्या रेट्याखाली केले, हौसेने नव्हे, हेही ध्यानात घ्यायला हवे.

इंग्रजांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. लंडनमधील बाळाला दूध मिळावे म्हणून योजना आखणाऱ्या त्याच साम्राज्यात १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली, हे विसरणे शक्य नाही. मला भावले ते एवढेच की युद्धाच्या काळात, जेव्हा वृत्तपत्रांना बॉम्ब कोणत्या गावावर पडला हेसुद्धा छापता येत नसे आणि कागदाची टंचाई होती, तेव्हाही आरोग्य अधिकारी आपला वार्षिक अहवाल लिहीत होता. अहवाल आखूड झाले, पण बंद पडले नाहीत. जन्म किती, मृत्यू किती आणि कशाने, कोणत्या साथरोगाचे किती रुग्ण, पाण्याचे नमुने किती तपासले आणि त्यांतले किती नापास, किती घरांना नोटिसा, उंदरांच्या किती तक्रारी, किती वजनाचे अन्न खाण्यास अयोग्य म्हणून नष्ट केले, हे सारे त्यात आहे. नापास नमुन्यांचा आकडा लिहिणे कोणत्याही अधिकाऱ्याला आवडत नाही. मी स्वतः तसा तक्ता भरताना किती वेळा पेन थांबवले आहे, ते मलाच ठाऊक.

आपल्याकडे असे आकडे नसतात असे नाही. ते नोंदवहीत असतात, वरच्या कार्यालयात जातात आणि तेथेच राहतात. म्हणून सीमाभागातील स्थानिक स्वराज्य संस्थांकडे आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती अशी आहे की, दरवर्षी वॉर्डवार आरोग्याचा हिशेब प्रसिद्ध करावा. त्यात नळाच्या टोकाशी घेतलेल्या पाण्याच्या तपासणीचे निकाल, कावीळ, हगवण, विषमज्वर व डेंग्यूचे रुग्ण आणि रस्ता खोदण्याच्या प्रत्येक कामाची आरोग्य विभागाला कोणत्या तारखेला आगाऊ सूचना मिळाली, ही नोंद असावी. हा हिशेब कन्नडबरोबर मराठीतही असावा. कन्नड ही राज्याची भाषा आहे आणि तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. तीच लिहून मी पोट भरले. परंतु जेथे भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के वा त्याहून अधिक आहे, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करण्याचे केंद्राचे जुने धोरण आहे, आणि पाणी उकळून प्या ही सूचना ज्या आजीने वाचायची तिला ती वाचता येत नसेल तर कागद वाया गेला.

भाषांतराला माणूस नाही, अशी अडचण पुढे येईल म्हणून आधीच लिहून ठेवतो. कन्नडमधील मूळ अहवाल हाती आल्यास त्याचे मराठी भाषांतर मी विनामोबदला, पंधरा दिवसांत करून देईन. तक्त्यांची मला सवय आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य निरीक्षक
शहापूर, बेळगाव