बंदरमंत्री साहेब, एक बैठक जालन्यात लावा

मा. केंद्रीय बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्री,
साहेब, नमस्कार.

मी जालन्याचा, स्क्रॅपच्या धंद्यातला. समुद्र आमच्यापासून जवळपास ४०० किमी लांब, पण मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरात माल अडकला की इकडं एमआयडीसीत भट्टीवाला फोनवर फोन करतो, कारण बाहेरचं भंगार कंटेनरनंच येतं, ते वितळवून बिलेट, म्हणजे लोखंडाचे लांब ठोकळे, अन् बिलेटची सळई.

मागच्या पावसाळ्यात आमचा कंटेनर अडकला. टर्मिनलवाले, म्हणजे बंदरात कंटेनर उतरवणारे, म्हणे शिपिंग लाइनला, म्हणजे जहाज कंपनीला विचारा, लाइनवाले म्हणे सीएचएला, म्हणजे कस्टमचं काम करणाऱ्या एजंटला विचारा, अन् ड्रायव्हर रात्री अकराला, शेठ लाइनीतच उभाय, खर्चाला पैसे टाका. तोवर फ्री डे, म्हणजे बिनभाड्याचे दिवस, संपले. जागेचं भाडं म्हणून ग्राउंड रेंट वेगळं, कंटेनर उशिरा परत केल्याचं डिटेन्शन वेगळं, तेही डॉलरमधी. उशीर कोणामुळं झाला हे आजपर्यंत कोणी कागदावर दिलं नाही अन् बिल मात्र मी भरलं.

साहेब, मोठ्या सरकारी बंदरांची इंडियन पोर्ट्स असोसिएशन १९६६ पासून आहे, खासगी बंदर-टर्मिनलवाल्यांची वेगळी आहे. असाव्यात, पाहिजेतच. बंदरांनी एकत्र बसून अडचणी तुमच्यापुढं मांडल्या तर कामं लवकर होतात, कागदपत्रं ऑनलाइन टाकायची पोर्ट कम्युनिटी सिस्टीम इंडियन पोर्ट्स असोसिएशननंच आणली, त्यानं आमचे हेलपाटे कमी झाले हे मी मनापासून सांगतो. पण तिथं बोलतं बंदर. मालवाल्याचं कोण बोलणार? १९६३ च्या जुन्या कायद्यात पोर्ट ट्रस्टवर माल पाठवणाऱ्यांचा माणूस घ्यायची सोय होती, २०२१ च्या कायद्यात आमच्या नावाची खुर्चीच नाही. मोठ्या बंदरांच्या दरावर लक्ष ठेवणारं टॅम्प नावाचं सरकारी प्राधिकरण होतं, तेही गेलं.

म्हणून तुम्हीच या संघटनांना सांगा की मराठवाड्यासारख्या आतल्या भागातल्या आयात-निर्यातवाल्यांना सल्लामसलतीला कायम बोलवा, अन् कंटेनर अडकला तर कारण लेखी द्यायचा नियम सगळ्या टर्मिनलला एकच करा. इथं एकटी सळई नाही, मोसंबी, डाळिंब, सोयाबीन, बियाणं सगळं आहे, अन् नाशवंत मालाला तर एक दिवस पण जड जातो. पालघरच्या वाढवणला ७६,२२० कोटींचं बंदर होतंय, त्याचे नियम ठरायच्या आधीच आम्हाला विचारा, नंतर विचारून काय उपयोग.

जालन्याच्या ड्राय पोर्टचं, म्हणजे समुद्रापासून लांब कंटेनर हाताळायच्या केंद्राचं, भूमिपूजन डिसेंबर २०१५ ला झालं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. पहिली बैठक तिथंच लावा साहेब. दोन्ही संघटनांची माणसं बोलवा, मी ते डिटेन्शनचं बिल घेऊन येतो.

आपला,
जालन्याचा एक स्क्रॅप व्यापारी