ग्रह शोधताना सापडलेले तारे

महोदय,

सूर्यमालेबाहेर नवा ग्रह सापडल्याची बातमी आपण ठळकपणे छापता, परंतु त्याच शोधात हाती लागलेल्या रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या, ताऱ्यांच्या सूचीबद्दल वृत्तपत्रांत क्वचितच काही वाचायला मिळते. २००९ मध्ये सोडलेल्या केप्लर दुर्बिणीने हंस व स्वरमंडळ या तारकासमूहांच्या परिसरातील सुमारे दीड लाख ताऱ्यांचे तेज चार वर्षे सतत मोजले. पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला, तर ताऱ्याचे तेज दहा हजारांत जेमतेम एका भागाने उतरते; इतकी बारीक नोंद ठेवणाऱ्या यंत्रातून स्पंदन पावणारे तारे आणि एकमेकांना ग्रासणारी तारकायुग्मे निसटणे शक्यच नव्हते. अशा युग्मांचीच नोंद अडीच हजारांहून अधिक झाली. ही सूची दुय्यम मानणे मला पटत नाही, कारण मागच्या एखाद्या युग्माचे मंद ग्रहण पुढच्या ताऱ्याच्या प्रकाशात मिसळले, की ते हुबेहूब ग्रहासारखे भासते.

आमच्या देवगडच्या किनाऱ्यावरून कार्तिकात ययाती समूहातील अल्गोल तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो; तोही असेच एकमेकांना ग्रासणारे युग्म असल्याने दर २ दिवस २१ तासांनी मंदावतो. (पावसाळ्यात मात्र चार महिने आमची नोंदवही कोरीच राहते, अवकाशातील दुर्बिणीला ही अडचण नाही.) आपण दरमहा आकाशदर्शनाच्या सदरात अल्गोलच्या ग्रहणांच्या वेळा छापाव्यात, ही विनंती.

– एक वाचक, देवगड